डाव्या दाराचे चाचा

गाडीला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि गाडीचा माज करणारी तर आमच्या रत्नागिरीत पायलीला पन्नास मिळतील. पण स्वतःच्याच गाडीपुढे लाजणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे राहतो. हे आमचे शेजारचे चाचा. साठी उलटलेले, उंच, पांढरी कोरलेली दाढी, शर्टाला कडक इस्त्री. उमेदीची जवळजवळ सगळी वर्षं त्यांनी कुवेतमध्ये एका श्रीमंत घरची गाडी चालवण्यात घालवली. त्या मालकाला ते अजूनही ‘अरबाब’ म्हणतात. इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही, एक दंड नाही. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाड्या रस्त्याच्या उजवीकडून. तीन-चार वर्षांपूर्वी चाचा कायमचे घरी आले, हौसेनं एक जुनी पांढरी गाडी घेतली, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की माणूस परत आलाय, पण त्याचे हातपाय अजून कुवेतमध्येच आहेत.

सुरुवात दारापासूनच. चाचा घरातून निघायचे, किल्ली बोटाभोवती फिरवत रुबाबात गाडीकडे जायचे आणि डावं दार उघडायचे. आत स्टिअरिंग नसायचं. डाव्या बाजूला आधीच चाची बसलेल्या असल्या तर प्रश्न नव्हता. उघडलेल्या दाराशी चाचा क्षणभर थांबत, जरा झुकत आणि “नीट बसलीस ना गो?” असं विचारून दार हळूच लावून घेत. आमच्या आळीतल्या बायकांनी हे गच्च्यांवरून पाहिलं आणि घराघरांतल्या नवऱ्यांना त्या महिन्यात फार ऐकून घ्यावं लागलं. “बघा, त्या चाचांना या वयात बायकोची केवढी कदर!” माझंही आमच्या घरी हे वाक्य टाकून झालं होतं. खरा प्रकार मला कळला तो डावी सीट रिकामी असताना. चाचांनी दार उघडलं, सीटकडे पाहिलं, त्यांचे कान लाल झाले आणि मग त्यांनी पुढच्या कप्प्यातून एक खजूर काढून तोंडात टाकला, जणू त्यासाठीच दार उघडलं होतं. त्या कप्प्यात गाडीचे कागद मी कधी पाहिले नाहीत. खजूर, खडीसाखर, लवंगा, चष्म्याची केस, नेलकटर असा माल भरलेला असे, कारण चुकीचं दार उघडल्यावर आतून काहीतरी काढता आलं पाहिजे. ज्या दिवशी चाचा दोनदा चुकत त्या दिवशी ते भर रस्त्यात नखं कापताना दिसत.

दारातून निभावलं तरी आत हात होतेच. तिकडे गियरचा दांडा उजव्या हाताला. इथे उजव्या हाताला दार आणि दारावर काचेची बटणं. त्यामुळे गियर बदलायच्या वेळी चाचांचा उजवा हात आधी दारावर जाई आणि काच सर्रकन खाली उतरे. मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत जाताना ती काच इतक्या वेळा वरखाली होई की रिक्षावाल्यांना वाटे, चाचा आपल्याशी काहीतरी बोलू पाहतायत. ते रिक्षा थांबवून “काय चाचा?” म्हणत आणि चाचा लाजून “काय नाय, सलाम” म्हणत. डाव्या हाताचं दुखणं वेगळं. वळताना सवयीनं डावा हात डाव्या दांडीवर पडायचा. तिकडे तो सिग्नल, इथे तो वायपर. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, कोरड्या काचेवर करकर आवाज करत वायपर फिरू लागले की आळीतलं शेंबडं पोरही सांगे, चाचा वळणार. कुठल्या बाजूला वळणार हे मात्र खुद्द चाचांनाच ठाऊक. मी शाळेत शिकवते, त्यामुळे गावातली निम्मी पोरं मला ओळखतात, आणि मी चाचांच्या गाडीत असले की ती निम्मी पोरं नेमकी वळणावरच उभी असतात. “बाई, पाऊस आला काय वो?” असं एकानं काचेत डोकावून विचारलं तेव्हा मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. मी चाचांवर चिडले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, रस्त्याची बाजू मी कदी चुकत नाय, ती पयल्या दिवसापासून डोक्यात ठोकून घेतलीय. ती चुकली तर दुसऱ्याचा जीव जातो. बाकी चुकलं तर फकत माजी लाज जाते.” 

जीव जाण्याच्या बाबतीत ते फारच कडक. गाडीत सुटी वस्तू त्यांना चालत नाही. नारळ, पाण्याची बाटली, छत्री, सगळं डिकीत, आणि डिकीतही जुन्या टॉवेलांत गुंडाळून, म्हणजे गडगडायला नको. एकदा त्यांच्या बागेतला भलामोठा फणस डिकीत मावेना. चाचांनी तो मागच्या सीटवर बसवला आणि त्याला पट्टा लावला. उरलेल्या जागेत मी. मी पट्टा न लावताच बसले, तशी गाडी जागची हलेना. मी म्हटलं, “अहो चाचा, मागच्या सीटवर कोण लावतं?” त्यांनी फणसाकडे बोट दाखवलं. “त्यानं लावलाय. अचानक ब्रेक मारला तर फणस कुणाचा नातेवाईक नाय, बाई.” त्या दिवशी शाळेत तपासणीसाठी वरचे साहेब आले होते आणि ते फाटकातच उभे होते. त्यांच्यासमोर मी गाडीतून उतरले, आणि उतरताना पट्ट्यातला फणस माझ्याकडे झुकला. साहेबांनी नमस्कार केला. तो मला होता की फणसाला, हे मी कधी विचारलं नाही.

पण सगळ्यांत मोठी परीक्षा पेट्रोल पंपावर. आधी टाकीचं झाकण नेमकं उलट्या बाजूला येईल अशी गाडी उभी राहायची, मग मागे, पुढे, पुन्हा मागे. इंजिन बंद, फोन बंद. नंतर “सगळे उतरा!” असा हुकूम. गॅस भरताना उतरवतात हे मला माहीत आहे, पण चाचा पेट्रोललाही उतरवत आणि चांगलं लांब, हवेच्या मशीनपाशी उभं करत. बुरख्यातल्या चाची, हातात डबा घेतलेली मी, आणि येणारे-जाणारे बघतायत. मग चाचा टाकीचं झाकण उघडायला सीटखालची दांडी ओढत आणि पुढचं बॉनेट ‘टक्’ करून उघडे. “काका, बॉनेट उघडलंत,” पंपावरची मुलगी सांगे. “होय, होय, पाणी बगायचं होतं,” म्हणत चाचा पुढे जात, पाणी बघत, ऑइलची पट्टी काढून पुसत, पुन्हा बुडवून उन्हात धरून बघत, आणि मागे रांगेत हॉर्न वाजत असताना गंभीरपणे परत येऊन तीच दांडी पुन्हा ओढत. एकदा असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ती मुलगी मायेनं म्हणाली, “काका, पाणी पुरं झालं आता,” आणि शेजारची दांडी तिनं स्वतः ओढली. चाचांनी गाडी थेट घरी आणली. लोकांच्या हसण्याचा त्रास त्यांना फारसा नव्हता. “मी डायवर हाय, बाई. मला दुसरं कायच येत नाय,” एवढंच ते फाटकाशी म्हणाले, आणि मला माझ्या हवेच्या मशीनजवळच्या चिडचिडीची लाज वाटली.

या माणसाच्या मनात एकच गोष्ट होती. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, सासर संगमेश्वरचं. पोर माझीच विद्यार्थिनी. ती शाळेत चालत यायची तेव्हा चाचा तिकडे अरबाबच्या मुलींना शाळेत सोडत होते. ते परत आले तेव्हा ही नर्सिंगसाठी चिपळूणला हॉस्टेलवर. “दुसऱ्याच्या पोरींना किती वर्षं नेलं-आणलं,” चाचा मला म्हणाले, “एकदा आपल्या पोरीला न्यायचं हाय. निकाह झाला की सासरच्या दारात मीच सोडणार.” जावई समजूतदार निघाला. “तुम्हीच आणा, आम्ही पुढच्या गाडीत बसतो,” म्हणाला. अडलं ते घरातच. मी पापडाचा डबा द्यायला त्यांच्याकडे गेले होते आणि स्वयंपाकघरात मुलगी आईला सांगत होती, “अम्मी, अब्बांना नको गो चालवू देऊस. सासरच्या लोकांपुढे उन्हात वायपर लावले तर मी तोंड कुठं लपवू? मला लाज वाटते.” चाची “हळू बोल” म्हणाल्या, पण उशीर झाला होता. चाचा दारातच उभे होते. ते बाहेर गेले आणि आदल्याच दिवशी धुतलेली गाडी फडक्यानं पुसू लागले. मुलगीही रडवेली झाली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही, मी त्या गाडीत बसलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या फाटकाशी. “बाई, तुमी एवढ्या पोरांना शिकवतास. मला शिकवा.” मी म्हटलं, चाचा, मला स्कूटरशिवाय काही येत नाही. “चालवायला मला येतं. मला वरडायला माणूस पायजे,” ते म्हणाले. ओरडणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा. मग आम्ही रोज सकाळी गावाबाहेरच्या सड्यावर जाऊ लागलो. सगळीकडे काळा कातळ, माणूस नाही, झाड नाही, लाजायला कुणी नाही. मी शेजारी बसून लाकडी पट्टी घेऊन ओरडे, “डावा हात गियरला! उजवा दांडीला! कुठं चाललाय तो हात?” आणि चुकलं की पट्टी हातावर. साठीचा माणूस मुकाट्यानं हात पुढे करी. गाडीपर्यंत चालत जाऊन उजवं दार उघडणं, एवढंच एका सकाळी आम्ही तासभर केलं. एक गुराखी लांबून ते बघत होता, त्यानं नंतर गावात काय सांगितलं असेल ते मला ऐकायचं नाही. पण हात हळूहळू कुवेतहून परत येऊ लागले. एका रविवारी चाचांनी चाचींना आणि मुलीला भाट्याच्या पुलापलीकडे नेऊन आणलं. काच उतरली नाही, वायपर हलले नाहीत. मुलगी उतरली आणि खाली मान घालून म्हणाली, “अब्बा, तुमीच या सोडायला.”

लग्नाच्या दिवशी दुपारी रुखसत, म्हणजे मुलीची पाठवणी, झाली. चाची पाहुण्यांपाशी घरी राहिल्या आणि मुलीनं हट्टानं मला आपल्याबरोबर मागे बसवलं. चाचा सरळ उजव्या दाराकडे गेले. हातखंब्याची चढण, निवळीचा घाट, रस्त्याची अर्धवट कामं, डंपर, सगळ्यांतून त्यांनी ती गाडी अशी काढली की मांडीवरच्या फुलांच्या पाकळ्या हलल्या नाहीत. पाठ ताठ, मान सरळ, नजर रस्त्यावर. एवढी सुरेख चालवलेली गाडी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. सासरच्या दारात बायकांचा गराडा पडला आणि मुलीला हाताला धरून आत नेलं. जावयाचे वडील चाचांना म्हणाले, “काय गाडी चालवता वो! आमची तर निवळीत तीनदा आदळली.” चाचांनी छातीवर हात ठेवून मान लववली. माझी छाती त्यांच्यापेक्षा जास्त फुगली होती.

परतताना बावनदीचा पूल गेल्यावर चाचांनी सिग्नल देऊन गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. ते समोर बघत म्हणाले, “बाई, एक विचारू? हसणार नाय ना?” मी नाही म्हटलं. “पोरगी रडली काय वो?”

मला प्रश्नच कळेना. तिच्यापासून हातभर अंतरावर तर हे बसले होते. मग त्यांनी वरच्या आरशाकडे बोट केलं. “अरबाबनं पयल्याच दिवशी बजावलेलं, आरशात रस्ता दिसला पायजे, मागची माणसं दिसता नयेत. मागं घरच्या बाया असतात. आज बसलो तेवा हातानं आपोआप आरसा फिरवला. सगळा रस्ता डोकं त्या हातापायांत. तिला दारात आत नेली, तेवा ध्यानात आलं, मागं मॅडम नवती, आपली पोर होती. मी एकदापण बगितलं नाय तिला.” हे बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, पण या लाजेला कप्प्यातला खजूर पुरणारा नव्हता.

मी सांगितलं. निवळीपर्यंत रडली. दोनदा तुम्हाला हाक मारली, अगदी हळू, तुम्ही डंपरला बाजू देत होता. मग दमली आणि माझ्या खांद्यावर झोपली, थेट संगमेश्वर येईपर्यंत.

“झोपली?” चाचांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. “लहान होती तेवा तिची अम्मी फोनवर सांगायची, झोपते तेवा हिचे डोळे पुरते मिटत नायत. थोडे उगडेच राहतात. खरं काय वो, बाई?”

मी म्हटलं, “खरं आहे चाचा. अजून राहतात.”

त्यांनी मान डोलावली. रस्त्यानं गाड्या जात होत्या. चाचांनी किल्लीला हात लावला आणि तसाच ठेवला. मीही घाई केली नाही.