बोर्डावर माझी गाडीच नव्हती

आमच्या यार्डाच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. तो मी बनवलाय. हे मी भेटेल त्याला सांगते, म्हणून तुम्हालाही सांगून टाकते. बावीस टँकर, आणि प्रत्येक गाडीच्या नंबरासमोर रकाने: लायसन, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, आणि ड्रायव्हरचं पेट घेणारा माल नेण्याचं ट्रेनिंग. तारीख पंधरा दिवसांवर आली की मी ती लाल मार्करने लिहिते. श्रीपूरच्या साखर कारखान्यातून इथेनॉल भरायचं आणि तेल कंपनीच्या डेपोला पोचवायचं, हे आमचं काम. गाडी गेटबाहेर पडायची तर तपासणीच्या कागदावर माझी सही लागते. सेफ्टी मॅनेजर, वय सव्वीस. सुरुवातीला ड्रायव्हर माझ्या मागे ‘ती पोरगी’ म्हणायचे. आता तोंडावर मॅडम म्हणतात. मागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर म्हणजे चाचा. सगळेच त्यांना चाचा म्हणतात, मालकसुद्धा. उसाच्या हंगामाच्या तोंडावर मी त्यांनाच गेटवर थांबवलं. त्यांच्या ट्रेनिंगची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

“एकच दिवस की मॅडम. एका दिवसात गाडी चालवायला विसरलो व्हय मी?”

“चाचा, एक दिवस म्हणजे संपलेलंच.”

त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि गेले. चार दिवसांनी नवीन सर्टिफिकेट घेऊन आले, तेही लॅमिनेशन करून. मी तारीख बघितली, बोर्डावर लिहिली. तर त्यांनी हात पुढे केला.

“आता तुमचं दाखवा की.”

चहा पिणारे सगळे वळले. मी मोबाइलच्या कव्हरमागून माझं सेफ्टी ट्रेनिंगचं कार्ड काढलं, ऐटीत. चष्मा नव्हता म्हणून चाचांनी ते लांब धरून वाचलं.

“हे तर नऊ दिवसांत संपतंय.”

मला वाटलं मस्करी करतायत. कार्ड घेतलं, वाचलं, परत वाचलं. खरंच नऊ दिवस.

झालं काय होतं, बोर्ड मी गाड्यांच्या नंबरानं मांडला होता. यार्डात माझ्या नावाची गाडीच नाही, मग मी बोर्डावर कुठून येणार? आठवणीचे मेल आले होते, एक नाही, पाच. टायरवाल्यांच्या जाहिरातींखाली गाडले गेले होते.

कार्ड चालू ठेवायचं तर बारा तासांचे ऑनलाइन धडे आणि प्रथमोपचाराची प्रत्यक्ष परीक्षा. एक दिवस जरी उलटला तर सगळा कोर्स पहिल्यापासून, पुण्याला राहून. तोपर्यंत सही बंद. ऐन हंगामात मालक माझ्यासाठी थांबणार नव्हते, दुसरा कार्डवाला आणणार होते. आणि एकदा दुसरा आला की मग दोघांची गरज कुणाला?

मग काय, धडे कुठं कुठं केले ते विचारू नका. अकलूजच्या एसटीत, उभ्यानं. श्रीपूरला उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी अडकली तेव्हा. ते ॲप लई खडूस, दुसरीकडे बघितलं की व्हिडिओ थांबतो. ‘थकव्याची लक्षणे ओळखा’ हा धडा चालू असताना मला डुलकी लागली आणि तो पूर्ण परत करावा लागला. घरी चादरीची वळकटी बांधून तिच्यावर छाती दाबायचा सराव करत होते. आई दारात येऊन म्हणाली, “त्या चादरीनं तुझं काय बिघडवलंय गं?”

परीक्षा शनिवारी सकाळी नऊला, सोलापुरातच. कार्ड संपणार सोमवारी. आणि शनिवारीच तीन टँकर भरायला जायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी मालक म्हणाले, “त्यात काय एवढं? आत्ताच सह्या करून ठेव, उद्या मुकादम भरेल बाकीचं.”

मी तपासणीच्या एका कोऱ्या कागदावर सही केली. खोटं कशाला सांगू, केली. डोक्यात फक्त परीक्षा होती. तो कागद चाचांच्या गाडीचा होता आणि चाचा तिथंच उभे होते.

त्यांनी तो उचलला. “ब्रेक बघितले?”

“नाही.”

“वॉल्व्ह?”

“चाचा, उद्या माझी…”

“मला एका दिवसासाठी चार दिवस बसवलं तुमी.” त्यांनी कागदाची घडी करून माझ्या वहीत ठेवली. “जावा, परीक्षा द्या. गाड्या थांबतील.”

“श्रीपूरला रांगेतला भरायचा नंबर जाईल,” मालक म्हणाले.

“दुपारचा लागंल की, मालक. चालवणार आमीच हाय.” बाकी दोन ड्रायव्हरांनी चहाचे कप खाली ठेवले आणि माना हलवल्या. मालकांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, “बारा वाजेपर्यंत. त्याच्यापुढं एक मिनिट नाही.” मी तो कागद तिथंच फाडला.

परीक्षेत पुतळा जमिनीवर होता. मी मोठ्यानं मोजत दाबायला लागले, तीस झाले, दोन श्वास, परत तीस. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, “जोर बरोबर आहे. पण आधी आजूबाजूला धोका आहे का बघायचं राहिलं. परत करा.” रोज ड्रायव्हरांना मी हेच शिकवते. परत केलं. उभी राहिले, चारी बाजूंना बघितलं, मगच खाली बसले. पास.

पावणेअकराला यार्डात पोचले. तिन्ही गाड्या उभ्या. ब्रेक बघितले, वॉल्व्ह बघितले, अर्थिंगची वायर, आग विझवायचे सिलिंडर, सगळं. एका गाडीच्या सिलिंडरची पिन सैल निघाली, ती बदलायला लावली. मग सह्या केल्या. बाराला पाच कमी असताना चाचांची गाडी गेटबाहेर पडली.

सोमवारी सकाळी बोर्डासमोर गेले तर खाली तेविसावी ओळ. अक्षर चाचांचं, थोडं वर चढलेलं. नंबर माझ्या स्कूटीचा. ट्रेनिंगच्या रकान्यात माझी नवीन तारीख, तीन वर्षांनंतरची.

“आता गाडी मिळाली तुमाला,” चाचा मागून म्हणाले. “बाकीचे रकाने भरा. पीयूसी?”

मी डिकी उघडली, कागद काढला, बघितला.

“संपलंय ना?” चाचांनी गंभीर तोंडानं हात पुढे केला. “चावी द्या.”

मी चावी दिली. पीयूसीवाला पलीकडच्या पेट्रोल पंपावरच असतो, स्कूटी ढकलत नेली. मागून सगळे हसत होते आणि हसता हसता चाचाच गेट उघडायला आले.