दुधाची दुसरी पिशवी

सायकल चालवणारी चार माणसं हिवाळ्यात एकत्र आली, की किलोमीटर कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आमचे तर बहुतेक सगळे घोट्याच्या खालचे! दर रविवारी उजाडताना बारामतीहून निघायचं, लासुर्ण्यापर्यंत जायचं, चहा घेऊन परत. कान, हात सगळं सांभाळता येतं. पायाची बोटं मात्र कालव्याचं धुकं लागलं की साथ सोडतात.

चौघांत तात्या सगळ्यांत मोठे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. डॉक्टर जनावरांचे. नितीन बँकेत. आणि मी, मोहन, एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो.

*

नितीनने एकदा सायकलिंगचे खास बूट मागवले. वरून सगळी जाळी. "यातून पाय श्वास घेतो," असं त्याने दोन रविवार ऐकवलं. तिसऱ्या रविवारी धुक्यात उतरून रस्त्यावर पाय आपटायला लागला.

तात्यांनी डॉक्टरांच्या बॅगेतली चिकटपट्टी काढली आणि त्याचे दोन्ही बूट गुंडाळून टाकले.

"घे. आता तोंडानं श्वास घे."

*

तात्यांनी स्वतः एकावर एक तीन मोजे घातले होते तेव्हाची गोष्ट. अर्ध्या वाटेत बोटं बधिर. चेहरा पार उतरला. "मला शुगर झाली वाटतं," म्हणाले.

डॉक्टरांनी तिथंच रस्त्याकडेला त्यांचा पाय मांडीवर घेतला, दाबून पाहिला. "तात्या, मी जनावरांचा डॉक्टर. तरी सांगतो, दोन मोजे काढा. बुटात रक्ताला जागाच ठेवली नाही तुम्ही."

दहा मिनिटांत तात्यांची शुगर बरी झाली.

*

लासुर्ण्याच्या अलीकडे एक गुऱ्हाळ आहे. उसाचा रस उकळतो त्या चुलाणापाशी आम्ही पाय शेकायचो. डॉक्टर एकदा म्हशीच्या बाळंतपणाची हकिकत सांगण्यात इतके रंगले, की बुटाचं रबर वितळल्याचा वास आम्हाला आधी आला.

गुऱ्हाळवाले आबा काहिलीतला रस ढवळत शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, पाय शेकायचं हायत का भाजायचं?"

त्या दिवशी डॉक्टर आबांच्या चपला घालून बारामतीला आले.

*

तात्यांचा खात्रीचा उपाय म्हणजे दुधाची रिकामी पिशवी. धुवायची, मोज्यावरून बोटांवर चढवायची, वरून बूट. कड तेवढी बुटाबाहेर दिसते, पण वारा आत शिरत नाही. एका शनिवारी संध्याकाळी फोनवरून फर्मान निघालं, उद्या सगळ्यांनी पिशव्या घालून यायचं.

मी एकाच पायात घालून गेलो.

"दुसरी कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"घरी एकच येते, तात्या."

सगळे हसले. मग एकेक जण सायकलवर बसला. माझी बायको मुलीच्या क्लाससाठी पुण्याला गेली ती दोनच वर्षांसाठी. त्याला आता सहा झाली. मुलगी तिकडंच नोकरीला लागली, बायको तिच्यापाशी राहिली. भांडण वगैरे काही नाही, रोज फोन होतो. पण अर्ध्या लिटरच्या वर दूध माझ्याच्यानं संपत नाही.

पुढच्या रविवारपासून तात्या माझ्यासाठी एक पिशवी खिशात घालून आणायला लागले. "आमच्यात रोज पाच येत्यात. घ्या, मोहनराव."

खरं तर आठवड्याच्या माझ्याच सात जमत होत्या. धुऊन, वाळवून, घडी घालून फ्रिजवर ठेवलेल्या. ते मी कधी बोललो नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी माझी आठवण ठेवून काहीतरी आणतं, ते मला हवं होतं.

असे तीन हिवाळे गेले.

*

यंदा नितीनची बदली झाली. डॉक्टरांचे गुडघे गेले. उरलो तात्या आणि मी.

गेल्या शनिवारी संध्याकाळी तात्यांचा फोन आला. मुलगा आणि सून नातवाला घेऊन पुण्याला गेली होती, त्याच्या शाळेसाठी. तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आता ते एकटेच.

"दोनच वर्सांचा परश्न हाय," तात्या म्हणाले. मी नुसतं "हो" म्हणालो.

सकाळी निघताना फ्रिजवरच्या दोन पिशव्या खिशात टाकल्या; स्वतःच्या पायात घालायची तेवढी राहिली.

कालव्याच्या पुलापाशी तात्या थांबलेले. नेहमीसारखी त्यांनी पिशवी पुढं केली. मी खाली बघितलं. त्यांच्या दोन्ही पायांत नुसते मोजे, वर बूट.

"तुमच्या कुठायत, तात्या?"

"एकच येती आता. घ्या."

मी खिशातल्या दोन काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी घडी उलगडली, उजेडाकडं धरून पाहिली.

"ह्या कुठल्या?"

"घरच्याच. रोजची एक साठवतो."

"कवापासनं?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

तात्या कठड्यावर बसले. एकेक बूट काढून त्यांनी माझ्या दोन्ही पिशव्या चढवल्या.

"मग इतकं दिस माजी का घेत व्हता?"

मी त्यांची पिशवी उजव्या पायात घातली आणि नाडी बांधली. डावा पाय लासुर्ण्यापर्यंत गारच होता.