फुगडीतला चेहरा

सुनेच्या मंगळागौरीला दोन मुली फुगडी घालत होत्या. खुर्चीत बसून त्यांच्या गिरक्यांबरोबर मी नुसती मान फिरवली, तर समोरची भिंतच सरकायला लागली. वयामुळे आता मान वळली की नजर लगेच सावरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

लहानपणी माझी थोरली बहीण माई फुगडीत ओरडायची, "खाली काय बघतेस? माझ्याकडे बघ!" मग अंगण, समया, बायका सगळं गरगरायचं, पण मधोमध तिचा घामेजलेला, हसरा चेहरा तेवढा जागच्या जागी असायचा. माई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"आई, चक्कर येतेय का? माझ्याकडे बघा," सून समोर येऊन म्हणाली.

मी बघितलं. भिंत हळूहळू थांबली. फुगडीसाठी नकळत पुढे झालेले माझे हात मात्र तसेच राहिले, माईच्या हातांसाठी.