वझलवारकाकांची सेसोथो

वझलवारकाका समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आत निघून जायचे. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय मेधा, हीटिंग नीट चालू आहे ना?" मी "नाही" म्हणेपर्यंत ते जिना चढून वर पोचलेसुद्धा होते. तो आठवडा मी दोन स्वेटर घालून काढला.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. गाव लंडन, पण कॅनडातल्या ऑन्टारिओतलं. काका मूळचे नागपूरचे. एकोणीसशे सत्तरच्या आसपास इकडे आले, पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत सर्जन म्हणून राबले आणि मग एका शुक्रवारी केक कापून घरी आले. घरी बसणं त्यांना जमेना. "रिटायर्ड सर्जन म्हणजे धार लावून ड्रॉवरमध्ये ठेवलेली सुरी," ते म्हणायचे. "काकूंना भाज्या चिरून द्या मग," असं मी म्हटलं, की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "नको गं बाई, कांद्यालाही टाके घालतील."

अशात त्यांना कुणीतरी सांगितलं, की आफ्रिकेतल्या लेसोथो या डोंगराळ देशातल्या एका दवाखान्याला सहा महिन्यांसाठी डॉक्टर हवा आहे. काका एकदम दहा वर्षांनी लहान झाले. पाठवणाऱ्या संस्थेची अट एवढीच होती, की डॉक्टरला तिथली सेसोथो भाषा रोजच्या बोलण्यापुरती यायला हवी, आणि ती येते असं एखाद्या जाणकारानं लिहून द्यायला हवं.

जाणकार सापडली ती पुलेंग. पन्नाशीची, धिप्पाड, मूळची लेसोथोचीच. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. दर शनिवारी सकाळी मी तिला बसस्टॉपवरून गाडीनं आणायची आणि मग डायनिंग टेबलावर शिकवणी चालायची. बाईमाणसाला 'म्मे' म्हणायचं, म्हणजे आई. पुरुषाला 'न्ताते', म्हणजे वडील. भेटल्यावर 'डुमेला'. मग 'ऊ फेला ज्वांग?', म्हणजे तुम्ही कसे जगता? उत्तर, 'के फेला हांतले', मी नीट जगतो. यातला 'फ' आपल्या 'फळा'तला निघाला, त्यामुळे काका भलतेच खूश झाले. "गोऱ्यांना हा जन्मात जमणार नाही. आपण जन्मतःच हाफ पास आहोत."

पाठांतर तर कसलं दांडगं. कुठं दुखतं, जीभ दाखवा, पाणी प्या, श्वास घ्या; फ्रिजवर, आरशावर, वॉशरूमच्या दारावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. महिन्याभरात दोनशे शब्द घडाघडा.

जानेवारीत पुलेंगनं परीक्षा घेतली. ती पेशंट होऊन खुर्चीत बसली. काका समोर येऊन एका दमात म्हणाले, "डुमेला म्मे, ऊ फेला ज्वांग," आणि त्याच श्वासात कुठं दुखतं तेही विचारून टाकलं. हात तिच्या नाडीवर.

पुलेंगनं हात सोडवून घेतला, उठली आणि कोट घालायला लागली.

"मी पत्र देणार नाही, न्ताते," ती इंग्रजीत म्हणाली.

"उच्चार चुकला का?"

"उच्चार उत्तम आहे. तुम्ही मला विचारलंत मी कशी जगते. पण तुम्हाला ते ऐकायचंच नव्हतं. आमच्याकडे उत्तर येईपर्यंत उभं राहतात. मग समोरचा उलट विचारतो, त्याचं उत्तर आपण देतो. त्यानंतर दुखणं. तुम्ही असं केलंत तर पेशंट घरी निघून जाईल."

गॅसपाशी पाठमोऱ्या काकू फोडणी घालता घालता मराठीत म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं मी तेच सांगून राहिले. मला कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही."

त्यानंतर काका थांबायला शिकू लागले. ते बघणं कठीण होतं. ग्रोसरीतल्या कॅशिअरला "हाऊ आर यू?" म्हणायचे आणि कार्ड हातात धरून उभे. ती बिचारी गोंधळायची, मागे रांग वाढायची. एका सकाळी मी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होते. काका बाहेर आले.

"कशी आहेस मेधा?"

"मजेत."

ते गेले नाहीत. बर्फात, घरातल्या चपला घालून, तसेच उभे राहिले. आणि मी कुणालाच न सांगितलेलं बोलून बसले, की नागपूरला बाबांची बायॉप्सी झाली आहे आणि मला रजा मिळत नाही. काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "रिपोर्ट मागवून घे, मी बघतो. पण आधी आत चल, चहा घे." त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा घरात असल्यासारखं वाटलं.

एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा झाली. काकांनी विचारलं आणि थांबले. पुलेंग सांगत गेली, आधी सेसोथोत, मग इंग्रजीत. आई तिकडे एकटी आहे, आठ वर्षांत भेट नाही. अर्धा तास गेला. काकांनी नाडीला हातसुद्धा लावला नाही. निघताना तिनं पत्र लिहून दिलं.

आणि संस्थेच्या मेडिकलमध्ये काकांचं हृदयच नापास झालं. इतक्या उंचावर पाठवता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि फ्रिजवरच्या चिठ्ठ्या एकेक काढायला घेतल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी बसस्टॉपवरून पुलेंगचा नेहमीसारखा फोन आला. मी तिला घेऊन आले. काका म्हणाले, "आता कशाला शिकायचं? मी कुठेच जात नाहीये."

"शिकायला नाही आले," ती म्हणाली. "या गावात माझ्या भाषेत मला असं विचारणारं दुसरं कुणी नाही."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "डुमेला, म्मे पुलेंग."

त्यानंतर चार वर्षं शनिवार चुकला नाही. लेसोथो त्यांनी कधीच पाहिलं नाही.

ते गेले तेव्हा फ्युनरल होममध्ये पुष्कळ माणसं आली होती. जुने सहकारी, मराठी मंडळातले लोक, ग्रोसरीतली ती कॅशिअरसुद्धा. पुलेंग ड्यूटीवरून थेट आली, कोटाखाली युनिफॉर्म तसाच. पेटीपाशी वाकली आणि म्हणाली, "डुमेला, न्ताते. ऊ फेला ज्वांग?"

मग हात बांधून उभी राहिली. मागची रांग थबकली. तिथला काळ्या सुटातला माणूस तिला अदबीनं पुढे सरकवायला निघाला, तशी काकूंनी त्याची बाही धरली.

"जरा थांबा," त्या त्याला हळूच म्हणाल्या. "तिनं आत्ताच विचारलंय."