घरच्या मिठाची पुरचुंडी

जबलपूरहून आलेली तार मीच घेतली. ठाणे स्टेशनावर मी तारमास्तर, त्यामुळे धर्माच्या खेळाची प्रत्येक बातमी आजवर माझ्याच हाताखालून गेलेली. म्हणून यंत्रावर त्याचं नाव खडखडताच मी हसून म्हटलं, "आज किती गोल मारलेस रे बाबा?" पुढची अक्षरं आली... धर्मा तापाने गेला होता.

या गोष्टीला महिना होत आला. पण धर्मा आठवला की रडू येण्याआधी अंगात उत्साहच संचारतो, त्याला मी काय करू! खाडीकाठच्या मिठागरातला हा पोरगा. चिखल तुडवून पाय असे घट्ट झालेले की बूटवाल्या साहेबाने लाथ घालावी आणि स्वतःचाच अंगठा धरून बसावं. कल्याणच्या रेल्वेतल्या एका साहेबाने त्याला अनवाणी फुटबॉल मारताना पाहिलं आणि खलाशी, म्हणजे रेल्वेचा मजूर म्हणून ठेवून घेतलं. खलाशी नावाला, खरी नोकरी गोल मारण्याची! मग काय, इगतपुरीच्या साहेबांनी मागून घेतलं, तिथून भुसावळवाल्यांनी पळवलं, पुढे सोलापूर, पुन्हा कल्याण. सामना संपला की तिथला तारबाबू मला निकाल कळवायचा (नियमात बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांनी धर्माचा खेळ कुठे पाहिला होता?) आणि काम संपताच मी मिठागराकडे धूम ठोकायचो.

"मावशी, भुसावळ जिंकली! सगळे गोल आपल्या धर्माचे!"

हिरामावशी म्हणजे त्याची आई. डोक्यावरची मिठाची टोपली न उतरवता ती विचारायची, "हरला कोन?"

"इगतपुरी."

की तिचा चेहरा पडलाच. "गेल्या सालाला त्यांचाच मीठ खाल्ला ना त्यानं?"

मीठ पिकवणाऱ्या घरातल्या पोराला उद्या कुणी निमकहराम म्हणालं तर? हा घोर तिला खरोखरच लागला होता. धर्मा रजेवर आला तेव्हा आधी खूप हसला, मग आईला अन्न गोड लागत नाही हे पाहून म्हणाला, "मंग तुजाच मीठ दे. दुसऱ्याचा खानारच नाय." तेव्हापासून दर बदलीला ती पुरचुंडी बांधून द्यायची आणि हा परमुलखात स्वतःच्या हाताने रांधून खायचा.

कल्याण विरुद्ध भुसावळ सामना ठरला तेव्हा मी मावशीला हट्टाने घेऊन गेलो. पोराला खेळताना ती पहिल्यांदाच पाहणार होती. काय तो खेळ! धर्मा कल्याणकडून सुसाट धावत होता, पण गोल होईना. अर्धा खेळ झाला, बाजू बदलल्या आणि आतापर्यंत आपण राखलेल्या खांबांवरच धर्मा चाल करून गेला. मावशी ताडकन उठली. मी "मावशी, अगं मावशी..." म्हणेपर्यंत ती पदर खोचून मैदानात! गोऱ्या पंचाने शिट्टी वाजवली, ती तिने ऐकलीसुद्धा नाही.

"मघाशी ह्यो राखत व्हतास, न आता त्याच्यावरच धावतंस? माजा मीठ खाऊन फिरलास?"

धर्माने हसू कसंबसं आवरलं. "आये, सगल्यांनीच बाजू बदलल्यान. वारा दोगांनाबी सारका मिलाया नको?"

तिने भुसावळवाल्यांकडे नीट पाहिलं. तेही उलटे उभे होते.

"खरा?"

"तुज्या मिठाची शपत."

"मंग मार!"

आणि मारला की हो त्याने! उजवीकडून दोघांना चकवलं, तिसऱ्याच्या बुटाखालून चेंडू ओढला आणि असा सणसणीत हाणला की गोलरक्षक जागच्या जागी उभा. टोप्या उडाल्या, माझं उपरणं कुठे गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. मावशीने माझा दंड घट्ट धरला. "हरला कोन?"

"भुसावळ!"

"हरू दे," ती म्हणाली. त्या दिवशी तिचा घोर मिटला. पुढे जबलपूरवाल्यांनी धर्माला मागून नेलं, तेव्हाही तिने पुरचुंडी बांधून दिलीच.

गेल्या आठवड्यात जबलपूरहून त्याची ट्रंक आली, ती मीच मावशीच्या घरी पोहोचवली. कपड्यांखाली पुरचुंडी होती, तिच्याच हातची गाठ, आत मूठभर मीठ उरलेलं. ती उराशी धरून मावशी खूप रडली, मीही रडलो. मग डोळे पुसून तिने मडक्यातलं ताजं मीठ त्यात भरलं, गाठ मारली आणि चुलीमागच्या खुंटीला टांगली. न राहवून मी विचारलं, "आता कुणासाठी, मावशी?"

"तिकडंबी त्याला कुनी ना कुनी खेलाया नेलाच आसंल," ती म्हणाली. "दुसऱ्याचा नाय खानार तो."