परीक्षेपुरते वडील

धुळ्याच्या देवपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणीस वर्षं फ्रेंच शिकवतो आहे. शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो, ते आता सांगून टाकतो.

आमच्याकडे फ्रेंच गुणांसाठी घेतात. मीही अमळनेरला असताना तसंच घेतलं होतं. गाइड पाठ केलं, शहाण्णव आले. पुढच्या पदव्या बाहेरून, तशाच पाठ करून काढल्या. कुणी दुसरं मिळेना म्हणून मला या वर्गावर उभं केलं. फ्रान्सहून आलेला माणूस मी आजवर समोरासमोर पाहिलेला नाही.

बारावीच्या तोंडी परीक्षेला ‘माझे कुटुंब’ नावाचा एक परिच्छेद असतो. वडील वकील, आई डॉक्टर, एक धाकटी बहीण, घरामागे बाग आणि एक पांढरा कुत्रा. हे कुटुंब मला माझ्या सरांनी दिलं, मी माझ्या मुलांना दिलं. परीक्षेच्या दिवशी मुलं एकामागून एक येतात, खुर्चीवर बसतात आणि तोच वकील, तीच डॉक्टर, तोच कुत्रा सांगून उठतात. बाप सराफ असो की हमाल. आम्ही वीसपैकी वीस देतो. मी मुलगा म्हणून त्या खुर्चीवर बसलो तेव्हा माझे वडील तेलाच्या गिरणीत पोती उचलत होते. मलाही वीस मिळाले होते.

संस्कृतीचा धडाही असाच. त्यात आठ प्रकारच्या चीजची नावं आहेत, ती पाठ. एका वर्षी उत्साहाच्या भरात मी नाशिकहून त्यातलं एक चीज आणलं आणि वर्गात कागद सोडला. एप्रिलची दुपार होती. पहिल्या बाकावरून आवाज आला, “सर, हे मरेल शे.” म्हणजे मेलेलं आहे. वर्ग हसून लोळला. मीही श्वास रोखून धरला होता. तरी फळ्याकडे तोंड करून मी सांगितलं की याची चव फार उंची असते, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. तो वास आठवला की आजही तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं. चीजची किळस नव्हती ती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी अमळनेर रस्त्यावरच्या एका खेड्यातून एक मुलगी यायची. एसटीच्या तासाभराच्या प्रवासात कानात तार घालून फोनवर फ्रेंच बायकांचं बोलणं ऐकत बसायची. त्या काय रांधतात, कुणाशी भांडतात, सगळं. तिला पुण्याला जाऊन फ्रेंचची पदवी घ्यायची होती. वडिलांनी एकच अट घातली होती, तुझे सर हो म्हणाले तर जा. हे तिनेच मला सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

तोंडीच्या आधी तिने विचारलं, “सर, घरचं खरं सांगितलं तर चालेल?”

“चालेल की,” मी म्हणालो. लक्षच नव्हतं.

परीक्षेला माझ्या शेजारी बाहेरचे परीक्षक होते, जळगावच्या एका महाविद्यालयातले माझ्यासारखेच एक सर. ती बसली आणि बोलायला लागली. थांबेना. मला ‘आई’ कळलं, ‘आग’ कळलं, मध्येच आपलं ‘भरीत’ ऐकू आलं. बाकी काही नाही. मी परीक्षकांकडे पाहिलं, ते हातातल्या बिस्किटाकडे पाहत होते.

“कुठला धडा आहे हा?” त्यांनी विचारलं.

“धडा नाही सर, घर आहे,” ती म्हणाली.

ती बाहेर गेल्यावर ते बिस्कीट चघळत म्हणाले, “पाठांतर नाही दिसत पोरीचं.” मी हो म्हणालो. बारा लिहिले. त्यांच्या ओठांच्या कडेला ओला चुरा जमला होता, आणि माझ्या मनात आलं की माझंही तोंड आत्ता असंच दिसत असणार.

ती स्टाफरूममध्ये आली. “सर, कुठे चुकलं?”

“परिच्छेद सोडून बोललीस.”

“पण माझे वडील वकील नाहीत सर.”

“परीक्षेपुरते असू दे ना.”

“परीक्षेपुरते वडील बदलू?”

मी पुढचा पेपर ओढला.

सगळ्यांच्या तोंडी परीक्षा पुरावा म्हणून फोनवर रेकॉर्ड करायची आमच्याकडे पद्धत आहे. संध्याकाळी घरी मी तिचं रेकॉर्डिंग लावलं आणि भाषांतराच्या अॅपला ऐकवलं. पडद्यावर मराठी उमटत गेलं. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून आई वांगी भाजते. काड्या लवकर जळतात, म्हणून तिला तिथून हलता येत नाही. वांगं गरम असतानाच सोलायचं असतं, त्यामुळे तिची बोटं कायम पोळलेली असतात. शेवटी होतं, माझी आई फ्रान्सला कधी जाणार नाही, पण हे भरीत तिथल्या बाईला मला समजावून सांगता आलं पाहिजे, म्हणून मी ही भाषा शिकते. सगळं सरळ, स्वच्छ. अॅप कुठेही अडखळलं नाही. दोनदा ऐकलं.

गुण अजून पाठवायचे होते. खोडून वीस करता आले असते. पण त्या दुसऱ्या सरांना फोन करून कारण सांगावं लागलं असतं, म्हणजे आपल्याला फ्रेंच कळत नाही हे बोलावं लागलं असतं. मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ती फाटकाशीच थांबली होती. ते खुर्चीवर बसले नाहीत.

“सर, पोर म्हनस तिले ती भाषा येस. पुन्याले जासू म्हनस. मी अडानी मानूस, माले काय कळस? तुम्हीन खरं सांगा, तिले येस का?”

“जेमतेम आहे, नाना,” मी म्हणालो.

“मंग पुन्याले धाडाले नको?”

“इथेच काही बघा. बी.कॉम. वगैरे.”

ते माझ्या पाया पडायला वाकले. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस. मी त्यांचे हात धरले, ते तळव्यांना खरखरीत लागले. “बरं झालं इचारं,” म्हणाले आणि गेले. खिडकीतून पाहिलं, त्यांनी तिला काहीतरी सांगितलं. ती रडेल, चिडून वर येईल असं मला वाटलं होतं. आली असती तर कदाचित मी बोललो असतो. तिने फक्त मान हलवली. सरांनी सांगितलं की मुलं हलवतात तशी.

मागच्या वर्षी देवपूरच्या स्टॉपवर ती दिसली. धुळ्यातच बी.कॉम. करत होती. “कसे आहात सर?” म्हणाली, वाकून नमस्कारही केला. सोबतच्या मैत्रिणीने विचारलं, “तूपण फ्रेंचला होतीस ना गं?”

“होते. पण मला कुठे जमत होतं,” ती हसून म्हणाली. “विचार ना सरांनाच.”

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. बस अजून यायची होती, वेळ भरपूर होता. मी हसलो, आणि अभ्यास कसा चाललाय म्हणून विचारलं.