दहा रुपयांचा न हलणारा भाव

माझे वडील अकोल्याच्या कापूस बाजारात मापारी होते. दिवसभर गाड्यांमागून गाड्यांचा कापूस तोलायचा. भाव सकाळी एक, दुपारी दुसराच. त्याच्या नावाने ते रोज बोटं मोडत. म्हणूनच गावातल्या तेलगिरणीच्या कंपनीचे, भाव न हलणारे शेअर त्यांच्या मनात भरले. आईच्या पाटल्या मोडून त्यांनी माझ्या शिक्षणासाठी दहा रुपयांचे दीडशे शेअर घेतले. दर दिवाळीला गिरणीच्या कचेरीत भाव विचारून यायचे. सात वर्षं दहाच.

"पाह्य, भाव हालत नाई," ते म्हणत. "तुई डॉक्टरकी पक्की."

अमरावतीला माझं इंटर सायन्स झालं आणि नागपूरच्या मेडिकलच्या यादीत नाव लागलं. पैसे भरायला आठ दिवस होते. वडील मला घेऊन शेअर विकायला अमरावतीच्या एका शेअर दलालाकडे गेले. त्याने कागद पाहिले आणि बाजूला ठेवले.

"काका, एका शेअरच्या भावावरून कंपनी लहान-मोठी ठरत नसते. जेवढे शेअर हायेत, त्याइले भावानं गुणा. तेवढी कंपनी."

त्याने गुणून दाखवलं. एवढ्या उंच धुराड्याची आमची गिरणी मुंबईच्या कुठल्याही मोठ्या कंपनीपुढे चिमूटभर निघाली. त्यातलेही बहुतेक शेअर मालकाच्या घरात. उरलेले आमच्यासारख्या चार जणांकडे.

"मंग भाव दहा कसा हाये?" वडिलांनी विचारलं.

"सात वर्षांत कोनं घेतला नाई, कोनं इकला नाई. हालन कसा?"

वडिलांना पटेना. "दोन रुपये कमी घेतो मी. बाजारातून भरली गाडी वापस जाते का कधी?"

"ही जाते," दलाल म्हणाला.

तरी ते आठवडाभर गिरणीमालकापासून ओळखीच्या अडत्यांपर्यंत सगळ्यांकडे फिरले. पाच रुपयांपर्यंत उतरले. कुणी घेतले नाहीत आणि मुदत संपली. मला दलालाचा नाही, वडिलांचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. दोन्ही गिळून मी प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले.

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला. एका संध्याकाळी वडील थकून, पण खुशीत घरी आले.

"आज लय गाड्या होत्या. एकबी वापस नाई गेली."

"मी गेली ना, बाबा," मी म्हणाले.

हातपाय धुवायला उठलेले ते पुन्हा खाली बसले. भुवयांवरचा कापूसही त्यांनी पुसला नाही. पुढच्या दिवाळीला ते गिरणीत भाव विचारायला गेले नाहीत.